छप्पर गेले, माथे राहिले

मे १६१८ मध्ये वसईला एका भयंकर वादळाने गाठले. समुद्राचे पाणी शहरात घुसले आणि चर्चांचे माथे उडाले. पोर्तुगीज अमलातले हे शहर तेव्हा भरभराटीला आलेले होते. तटाच्या आत फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट आणि ऑगस्टिनियन अशा सगळ्या ख्रिस्ती संघांचे मठ होते, आणि प्रत्येकाच्या चर्चला आपापला उंच दर्शनी माथा होता. वादळानंतर लोकांनी तो पुन्हा बांधला. मग १७३९ आले, चिमाजी अप्पांचे सैन्य आले. त्यानंतरच्या दोन-अडीच शतकांत छपरे गेली, दारे गेली, घंटा गेल्या. पण आज वसई किल्ल्यात शिरल्यावर झाडीतून पहिल्यांदा नजरेत भरतात त्या दर्शनी भिंतीच. मागे काही उरलेले नसतानाही त्या ताठ उभ्या आहेत. या भिंतींचा वंश शोधू लागलो, तर तो अडीच हजार वर्षे मागे, ग्रीक मंदिरांच्या कपाळावरच्या त्रिकोणापर्यंत जातो. वास्तुशास्त्रात त्या त्रिकोणाला पेडिमेंट म्हणतात.

पेडिमेंट म्हणजे मुळात छपराचे टोक. दुपाखी घर कोकणात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. मधे आढे, दोन्ही बाजूंना उतरते पाखे, आणि दोन्ही टोकांना भिंतीवर उरणारा त्रिकोण. वसईसारख्या ठिकाणी वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, म्हणून इथले छप्पर चांगले उभे असते आणि त्रिकोणही उंच होतो. ग्रीसमध्ये पाऊस बेताचा, त्यामुळे तिथल्या मंदिरांचे छप्पर जेमतेम तेरा-चौदा अंशांनी उतरते. साहजिकच त्यांचा त्रिकोण लांबलचक आणि बसका असतो. अथेन्सच्या पार्थेनॉनची रुंदी जवळजवळ ३१ मीटर आहे, पण त्याच्या त्रिकोणाचे पोट मध्यावरही साडेतीन मीटरच्या आतच भरते. दोन्ही कोपऱ्यांकडे तर ते निमुळते होत होत शून्यावर येते.

या बसक्या, अडचणीच्या जागेत मूर्ती बसवायच्या होत्या. ग्रीक शिल्पकलेच्या दीडशे वर्षांचा प्रवास या एका अडचणीच्या आधाराने सांगता येतो.

कॉर्फू बेटावरच्या आर्टेमिसच्या मंदिरात, सुमारे इसवीसनपूर्व ५८० मध्ये, शिल्पकाराने मध्यभागी एक अजस्र गॉर्गन बसवली. केसांत साप, जीभ बाहेर, गुडघे धावण्याच्या पवित्र्यात वाकलेले. तिच्या दोन्ही अंगांना चित्त्यासारखी दोन श्वापदे आणि मग कोपऱ्यांत इतकी छोटी माणसे, की ती वेगळ्याच मापाच्या जगातली वाटतात. जागा भरली, पण गोष्ट जुळली नाही. पुढे एजिना बेटावरच्या अफाया देवीच्या मंदिरात उपाय सापडला. विषय घेतला ट्रॉयच्या युद्धाचा. मधोमध अथेना उभी, तिच्या बाजूला लढणारे योद्धे, मग वाकलेले, मग गुडघ्यावर बसून बाण सोडणारे, आणि अगदी कोपऱ्यात जखमी होऊन पडलेले. रणांगणात माणूस उभा असतो, वाकतो, पडतो. त्रिकोणाचा उतार आणि युद्धातला माणसाचा उतार इथे एकमेकांत मिसळून गेले. १८११ साली या मूर्ती उकरून काढल्या गेल्या आणि बव्हेरियाच्या युवराजाने त्या विकत घेतल्या. आज त्या म्युनिकमध्ये आहेत.

ऑलिंपियाच्या झ्यूसमंदिराने एक पाऊल पुढे टाकले. तिथल्या पूर्वेकडच्या त्रिकोणात रथाच्या शर्यतीपूर्वीचा क्षण आहे. कुणी लढत नाही, कुणी धावत नाही. पण एका बाजूला बसलेला म्हातारा भविष्यवेत्ता गालाशी हात नेऊन पुढचे अरिष्ट जणू आताच पाहतो आहे. घडण्याआधीचा ताण दगडात पकडण्याची ही ताकद त्यापूर्वीच्या पेडिमेंटांत दिसत नाही.

मग पार्थेनॉन. इसवीसनपूर्व ४३८ ते ४३२ या काळात त्याच्या दोन्ही त्रिकोणांतल्या मूर्ती घडल्या. पूर्वेला अथेनाचा जन्म, पश्चिमेला अथेना आणि पोसायडन यांची अथेन्सच्या मालकीवरून झालेली झुंज. पूर्वेच्या त्रिकोणात कोपऱ्यांचा प्रश्न ज्या रीतीने सोडवला, त्याला तोड नाही. एका कोपऱ्यात सूर्याच्या रथाचे घोडे समुद्रातून वर येताहेत, फक्त माना दिसतात. दुसऱ्या कोपऱ्यात चंद्रदेवतेचा रथ बुडतो आहे. तिचा दमलेला घोडा, नाकपुड्या फुगलेल्या, जबडा कडेवरून खाली आलेला. जागा कमी पडली म्हणून मूर्ती कापल्यासारखी वाटत नाही. क्षितिजच तिथे आहे. आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी: या मूर्ती मागच्या बाजूनेही नीट घडवलेल्या आहेत. एकदा वर चढवल्यावर ती बाजू कुणालाच दिसणार नव्हती, तरी.

मग हा त्रिकोण रोमकडे गेला आणि तिथे त्याचा स्वभाव बदलला. रोममधल्या पँथिऑनच्या पेडिमेंटचे पोट आज कोरे आहे, पण दगडात खिळ्यांची भोके शिल्लक आहेत. त्यांच्या मांडणीवरून अभ्यासकांचा कयास असा, की तिथे पुष्पचक्रात बसवलेला कांस्याचा गरुड असावा. म्हणजे गोष्ट संपली आणि चिन्ह आले. देवांच्या जन्माची आणि भांडणांची कहाणी सांगणारा त्रिकोण आता सत्तेची मुद्रा मिरवू लागला. वसईचे माथे वाचायचे असतील तर पार्थेनॉनपेक्षा हा पँथिऑनच अधिक उपयोगी पडतो.

पंधराव्या-सोळाव्या शतकात इटलीतल्या वास्तुकारांपुढे वेगळेच कोडे होते. चर्चचे मधले दालन उंच, बाजूची दालने ठेंगणी. या आकृतीवर मंदिराचा त्रिकोण बसवायचा कसा? फ्लॉरेन्समध्ये आल्बेर्टीने सांता मारिया नोव्हेल्लाच्या दर्शनी भिंतीवर, जी १४७० मध्ये पुरी झाली, मधल्या उंच भागावर त्रिकोण ठेवला आणि खालच्या ठेंगण्या भागाशी तो मोठ्या वळणदार गुंडाळ्यांनी जोडला. रोममध्ये जेझुइटांच्या मुख्य चर्चने, इल जेसूने, हीच युक्ती घेतली. त्याच्या दारावर वळणदार माथ्याच्या आत त्रिकोणी माथा बसवला आहे आणि त्याच्या वर ढालीवर ‘आयएचएस’ ही येशूच्या नावाची तीन अक्षरी मुद्रा. गॉर्गन नाही, अथेना नाही, गरुडही नाही. माथ्यावर आता नाव आले. दरम्यान सेर्लिओ या वास्तुकाराने १५३७ पासून छापलेल्या सचित्र ग्रंथांमुळे स्तंभ, कोनाडे आणि त्रिकोणी माथे कसे जुळवायचे हे कुठल्याही गवंड्याला चित्रावरून कळू लागले. पुस्तके हलकी, जहाजात सहज मावणारी. त्यांच्याबरोबर हे माथे समुद्र ओलांडून पूर्वेला आले.

वसईत हे माथे येण्यापूर्वी जमीन तयार झाली होती. १५३४ च्या डिसेंबरमध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांना दिली. १५३६ मध्ये गव्हर्नर नुनो द कुन्या याच्या हुकमाने गार्सिया द सा याने इथे बालेकिल्ला उभारला, आणि तसे सांगणारा शिलालेख तिथे बसवला होता. बालेकिल्ल्याच्या दरवाजावर पोर्तुगालची राजमुद्रा, क्रूस आणि पृथ्वी-आकाशाच्या कड्या दाखवणारा गोल ही चिन्हे कोरली गेली. तो गोल म्हणजे राजा मानुएलचे, समुद्रावर राज्य सांगणारे चिन्ह. थोडक्यात, वसईत दगडाने बोलायला सुरुवात झाली तीच मुद्रांच्या भाषेत.

मग चर्च आले. फ्रान्सिस्कनांचे संत अँथनीचे, जेझुइटांचे येशूच्या पवित्र नावाचे, डॉमिनिकनांचे संत गोन्सालोचे, शहराचे मुख्य संत जोसेफचे. संत जोसेफच्या चर्चचा मनोरा अजून उभा आहे. १६०१ मध्ये गोव्याचे आर्चबिशप दों फ्रे आलेशो द मेनेझेस आणि व्हिकार पेद्रो गाल्व्हाओ परेरा यांच्या काळात हे चर्च नव्याने बांधले, असे तिथला लेख सांगतो. हे सगळे वाचून, नोंदवून ठेवण्याचे काम एका गोवेकर डॉक्टराने केले: जुझे जेर्सन द कुन्या. चौल आणि वसई यांच्या पुरातन वस्तूंवरचा त्यांचा ग्रंथ १८७६ मध्ये मुंबईत छापला गेला. वसईच्या दगडांवर लिहिणारा प्रत्येक जण आजही त्यांच्याच वाटेने जातो.

जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत या सगळ्यांत उजवी आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या पन्हळी पाडलेल्या स्तंभांच्या जोड्या, त्यांच्या माथ्यावर पानांची कोरिंथियन स्तंभशीर्षे, कमानीच्या कडेला नक्षी आणि जवळच ती ‘आयएचएस’ मुद्रा. याच जेझुइटांच्या हाताखाली वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया शिकला. पुढे तो जपानला गेला, फ्रान्सिस्कन झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला क्रुसावर चढवण्यात आले. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत. त्याच्या सणाला वसईची माणसे आजही किल्ल्यातल्या या निराधार भिंतींपाशी जमतात, तेव्हा त्या पुन्हा चर्चच्या भिंती होतात.

इथे एक प्रश्न सतावतो. या माथ्यांवर माणसांच्या आकृतींचे कथाशिल्प का नाही? वसईचा दगड कठीण, त्यातून मूर्ती निघत नाही, असे उत्तर कुणी देईल. ते पटत नाही. वसईच्या खाडीपासून फार दूर नसलेल्या घारापुरीला याच सह्याद्रीच्या काळ्या खडकातून त्रिमूर्ती निघाली आहे. पाथरवटांच्या हातात कला होतीच. खरे कारण गरजेत आहे. संतांच्या मूर्ती आत, वेदीमागच्या लाकडी मखरात असत. बाहेर कोनाड्यांत एखादी. माथ्याला फक्त एवढेच सांगायचे होते, की हे घर कोणाचे. त्यामुळे वसईच्या पाथरवटाचे कसब मूर्तीत न उतरता आडव्या उठावपट्ट्यांच्या रेघांत, स्तंभांच्या पन्हळीत, पानांच्या वळणांत उतरले. ते कमी दर्जाचे काम आहे असे समजण्याचे कारण नाही. दुपारी कलत्या उन्हात त्या पन्हळींतली सावली पाहावी.

आणि वसईचा दगड वसईतच थांबला नाही. जुन्या गोव्यातले बॉम जेझूस चर्च जांभ्या दगडाचे आहे, पण त्याच्या दर्शनी भिंतीवरचे स्तंभ आणि नक्षी काळसर बेसॉल्टची, आणि तो बेसॉल्ट समुद्रमार्गे वसईहून नेलेला. १५९४ मध्ये काम सुरू झाले, १६०५ मध्ये चर्च अर्पण झाले. त्या भिंतीच्या अगदी वर, चौकोनी माथ्यात, ‘आयएचएस’ ही अक्षरे कोरलेली दिसतात. जांभा मऊ, पावसाने झिजणारा. नक्षीची धार टिकवायची तर वसईचाच दगड हवा, हे तेव्हाच्या गवंड्यांनी ओळखले होते. गोव्याला जाणारे लाखो पर्यटक त्या माथ्याचे फोटो काढतात. त्यातली वसई मात्र कुणी त्यांना दाखवत नाही.

छपराच्या टोकाला चेहरा बनवण्याची कल्पना या किनाऱ्याला पोर्तुगीजांनीच शिकवली असे मात्र नाही. वसई-विरार शहरातलेच नालासोपारा म्हणजे प्राचीन सोपारा. ‘पेरिप्लस’ या इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात या बंदराचे नाव आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथल्या बुरूड राजाच्या कोटात स्तूप खणून काढला. ‘पेरिप्लस’च्या सुमारासच घाटावर कार्ल्याचा चैत्य कोरला गेला होता, आणि त्याच्या खांबांवरच्या लेखांत सोपाऱ्याच्या दात्याचे नाव आहे, यवनांचीही नावे आहेत. कार्ल्याच्या दर्शनी भागावरची घोड्याच्या नालासारखी भली थोरली कमान म्हणजे काय? लाकडी वाशांच्या गोल छपराचे टोक, दगडात उतरवलेले. ग्रीकांचे छप्पर बसके आणि सरळ उताराचे, म्हणून त्यांचा चेहरा त्रिकोण झाला. इथले छप्पर गोल, म्हणून चेहरा कमान झाला. तर्क एकच. सोपाऱ्याच्या बंदरात उतरणाऱ्या एखाद्या ग्रीक व्यापाऱ्याने घाट चढून कार्ल्याची कमान पाहिली असेल, तर त्याला ती फार परकी वाटली नसावी.

वसईची छपरे कशी गेली? १७३९ च्या मे महिन्यात दीर्घ वेढ्यानंतर, सुरुंगांनी बुरूज फोडून मराठ्यांनी किल्ला घेतला. चर्चांच्या घंटा विजयचिन्ह म्हणून अनेक मंदिरांत गेल्या. नाशिकच्या गोदाकाठची नारोशंकराची घंटा त्यांतलीच, तिच्यावर १७२१ हे साल आहे. पोर्तुगीज नागरिक गेले, मठ रिकामे झाले. पुढे इंग्रज आले, ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इथेच तह केला, आणि शहर ओस पडत गेले. एकोणिसाव्या शतकात आतल्या अवशेषांत साखरेचा कारखाना चालवायचाही प्रयत्न झाला. लोक बसत त्या दालनांवरचे छप्पर लाकडाचे आणि कौलांचे होते. काळजी घेणारे कुणी नसले की दोन-चार पावसाळ्यांतच वासे कुजतात. वेदीवरची काही दगडी कमानदार छते अजून डोक्यावर आहेत, कारण ती बांधकामाचाच भाग होती. दर्शनी भिंतींचेही तसेच. गाभ्यात दगडगोटे आणि चुना, बाहेर घडीव दगड, जाडी भरपूर. ग्रीक त्रिकोण छपरावर अवलंबून होता. वसईच्या माथ्याला छपराची गरजच उरली नव्हती. तो मुळातच छपराहून उंच, त्याच्यापुढे उभा केलेला पडदा होता. म्हणूनच तो टिकला.

वसई-विरारच्या रहिवाशाला पेडिमेंटचे बाकीचे नमुने पाहायला लांब जावे लागत नाही. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी सुटली. आज त्याच मार्गाने चर्चगेटला उतरले की समोर पश्चिम रेल्वेचे मुख्यालय दिसते. १८९९ मध्ये पुरी झालेल्या या इमारतीच्या मधल्या माथ्यावर हातात रेल्वे इंजिन घेतलेली एक स्त्री उभी आहे. ती अभियांत्रिकीची मूर्ती. तिथून फोर्टात गेले की १८३३ ची टाउन हॉलची इमारत, जिथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. डोरिक स्तंभ आणि वर निखळ ग्रीक त्रिकोण, पण कोरा. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवर मात्र लॉकवुड किपलिंगने कोरलेले उठावशिल्प आहे, आणि त्यात ग्रीक देवांच्या जागी इथलेच शेतकरी आणि धान्य विकणारे आले आहेत. देवांच्या जागेवर भाजीबाजाराची माणसे बसवण्याचे धाडस त्या दारांवर पाहून घ्यावे.

वसईच्या माथ्यांची आजची अवस्था निराळी आहे. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे, पण छप्पर नसलेली उंच भिंत पावसाला दोन्ही बाजूंनी तोंड देते. वरच्या कडेचा चुना धुपतो, फटींत पाणी मुरते, पक्ष्यांच्या विष्ठेतून वड-पिंपळाचे बी पडते आणि त्याचे मूळ घडीव दगडाला आतून ढकलू लागते. माथ्याची फुले, टोके, मुद्रा सर्वांत आधी निखळतात, कारण ती सर्वांत उघडी असतात. किल्ल्यात लग्नाआधीचे फोटो काढायला येणाऱ्या जोडप्यांमागे या भिंती रोज टिपल्या जातात, पण अशा फोटोंत दगडांच्या सांध्यांची, रेघांची, मापांची नोंद होत नाही.

पार्थेनॉनच्या बाबतीत काय घडले ते इथे सांगण्याजोगे आहे. १६७४ मध्ये एका फ्रेंच राजदूताबरोबर अथेन्सला आलेल्या चित्रकाराने, बहुधा जाक कॅरे याने, दोन्ही त्रिकोणांतल्या मूर्तींची रेखाटने केली. १३ वर्षांनी, २६ सप्टेंबर १६८७ रोजी, व्हेनिसच्या तोफगोळ्याने आत साठवलेली तुर्कांची दारू पेटली आणि इमारत फुटली. त्यानंतर व्हेनिसचा सेनापती मोरोसिनी याने पश्चिमेच्या त्रिकोणातले घोडे खाली उतरवायचा प्रयत्न केला, तेव्हा ते पडून चुरा झाले. अथेना-पोसायडनच्या त्या झुंजीत कोण कुठे उभे होते हे आज कळते ते मुख्यतः त्या १६७४ च्या कागदांवरून.

वसईच्या माथ्यांचीही अशीच बारकाईने, मापासह रेखाटने हवीत: प्रत्येक उठावपट्टीची जाडी, प्रत्येक कोरलेल्या मुद्रेचा आकार, कोणता दगड मूळचा आणि कोणता दुरुस्तीत बसवलेला, कोणत्या सांध्यात मूळ शिरले आहे. मुंबई-ठाणे-पालघर पट्ट्यात वास्तुकला शिकवणारी महाविद्यालये आहेत, वसईतच किल्ल्याची वारी करणारे, त्याचा इतिहास तोंडपाठ असलेले तरुण आहेत. जेर्सन द कुन्यांनी लेख वाचले, थडग्यांवरची नावे उतरवून घेतली. माथ्यांच्या रेघा मात्र अजून कुणी तरी बसून उतरवायच्या आहेत. पावसाळ्याआधी झाडी विरळ असते आणि भिंती मोकळ्या दिसतात. मार्च ते मे हे महिने त्या कामाला सर्वांत सोयीचे.